सेटटॉप बॉक्सच्या ईएमआयवर सही करण्याआधी गच्चीवर जाऊन या

जुळे सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा त्यांचा घरगुती व्यवसाय. संध्याकाळी सहा ते नऊ त्या तव्यापुढे असतात, त्यामुळे मालिका रेकॉर्ड करून रात्री जेवताना सगळे मिळून बघतात. रेकॉर्डिंगचा डीटीएच बॉक्स सात वर्षांचा झाला. तो मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि निम्मी रेकॉर्डिंग ‘अयशस्वी’ दाखवतो. कंपनीच्या माणसानं जुना बॉक्स देऊन नवा अँड्रॉइड बॉक्स घ्यायला सुचवलं आहे. रोख ३,६०० रुपये किंवा ६५० चे सहा हप्ते. त्यासोबत सध्याच्या ३९० ऐवजी ५५० रुपयांचा पॅक वर्षभर ठेवायचा. हप्ते घ्यावेत की पोस्टातली २८ महिने भरलेली आरडी मोडावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, आरडीचं आधी सांगतो, कारण ते दोन वाक्यांत संपतं. पोस्टाची पाच वर्षांची आरडी तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बंदच करता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीआधी मोडली तर व्याज बचत खात्याच्या दरानं मिळतं. तिच्यावर कर्ज मिळतं, पण टीव्हीसाठी आरडीवर कर्ज काढू नका.

आता हप्त्यांकडे वळू. ६५० चे सहा म्हणजे ३,९००. वरचे ३०० रुपये किरकोळ वाटतात. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, त्यामुळे वर्षाच्या हिशेबात हे व्याज २८ टक्क्यांच्या घरात जातं. आणि खरा खर्च हप्त्यांत नाहीच. पॅकचे महिन्याला १६० जास्त, म्हणजे वर्षाला १,९२०. तुम्ही लिहिलंय की नव्या बॉक्सला हार्ड डिस्क नाही, ‘चुकलेलं सगळं नेटवर बघायला मिळतं’. म्हणजे घरात वायफाय हवा. तुमच्याकडे तो नाही. ३९९ चं कनेक्शन जीएसटी धरून ४७१ ला पडतं, वर्षाला ५,६५२. तिन्ही मिळून पहिल्या वर्षी ११,४७२ रुपये. एका भाकरीमागे तुम्हाला तीन रुपये सुटतात, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तीन हजार आठशे भाकऱ्या, तुमच्या कमाईचा सव्वा महिना. आणि एवढं करून हातात येणारी वस्तू रेकॉर्डर नसेल. नेट गेलं की तो साधा सेटटॉप बॉक्स.

दरमहाच्या खर्चाबद्दल मी एवढा कडक का, तेही सांगतो. वाहिन्या न घेताही जे मूळ भाडं लागतं, त्यावर २०१९ पासून १३० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा होती. २०० वाहिन्यांपर्यंतच्या भाड्यावरची ही मर्यादा ट्राय या दूरसंचार नियामकानं जुलै २०२४ मध्ये काढून टाकली. बॉक्सची किंमत एकदा देऊन मोकळं होता येतं, पॅकचं तसं नाही. म्हणून पॅकमध्ये वर्षभर अडकवणारी सवलत मला सवलत वाटत नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘मामंजी आठच्या बातम्या लावतात तेव्हाच रेकॉर्डिंग हमखास फसतं, आणि हे गच्चीचं वॉटरप्रूफिंग केल्यापासून सुरू झालं.’ मी पैशाचा सल्लागार आहे, टीव्ही दुरुस्त करणारा नाही. पण माझ्या घरी असाच बॉक्स नऊ वर्षं होता. एक वाहिनी बघता बघता दुसरी रेकॉर्ड करायची तर या बॉक्सला छत्रीपासून दोन केबल लागतात. त्याच्या पाठीमागे हात घालून बघा. पिळून बसवायची दोन पितळी तोंडं असतील. एकात केबल घट्ट असेल आणि दुसरं रिकामं असेल, किंवा त्यातली केबल नुसती लोंबत असेल. मग गच्चीवर जा. वॉटरप्रूफिंगवाल्यांनी छत्री हलवताना एक केबल कापून तशीच भिंतीकडेला टाकली असण्याची शक्यता मला फार वाटते. तसं असेल तर तुमचा बॉक्स बिघडलेलाच नाही. केबल जोडायला तीन-चारशे रुपये पुरतील.

मध्येच बंद पडण्याचं कारण वेगळं असू शकतं, ते म्हणजे अ‍ॅडॅप्टर. सात वर्षांत तो थकतो. हार्ड डिस्क फिरायला लागते तेव्हा एकदम जास्त करंट मागते, तो त्याला पुरवता येत नाही आणि बॉक्स पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नवी पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जुना अ‍ॅडॅप्टर घेऊनच जा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, पिनही तशीच हवी. चारशेच्या आत काम होईल. बॉक्सवर क्रोशाचा रुमाल असेल तर तो काढा आणि बॉक्स शोकेसच्या बंद कप्प्यातून बाहेर घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, त्यात कोंडलेली डिस्क लवकर मरते.

हे सातशे-आठशे रुपये आधी खर्च करा आणि पंधरा दिवस बघा. तोवर नव्या बॉक्सला हो म्हणू नका.

एवढं करूनही बॉक्स रडायला लागला, किंवा आतून टक-टक असा आवाज यायला लागला, तर डिस्क चालली असं समजा. तिच्या दुरुस्तीवर पैसे घालू नका. अशा वेळी पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंग होणारा साधा एचडी बॉक्स घ्या. मोठी डिस्क हवी, असं दुकानदार म्हणेलच. पण हिशेब करा. एचडी वाहिनीचं एका तासाचं रेकॉर्डिंग जास्तीत जास्त साडेतीन-चार जीबी होतं. तुमच्या तीन मालिका, रोज अर्धा-अर्धा तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे नऊ तास. ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सोळा-सतरा तास मावतात. बघून झालं की पुसायचं. सहाशे रुपयांत भागतं, पण स्वस्तातला बिननावाचा घेऊ नका, तो अडकत अडकत लिहितो. आणि मुलीच्या बारशाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह चुकूनही लावू नका, बॉक्स तो पहिल्यांदा कोरा करून घेतो.

साध्या बॉक्सची अडचण मला ठाऊक आहे. एकच ट्यूनर, म्हणजे एका वेळी एकच वाहिनी पकडता येते, मग मामंजींच्या बातम्या आणि तुमची मालिका एकाच वेळी कशी जमणार? जमवायची गरजच नाही. मराठी मालिकांचे भाग रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतात. घरात कुणी टीव्ही बघत नाही अशी पुनःप्रक्षेपणाची वेळ शोधून टायमर लावा. एक दिवस उशिरा दिसेल, एवढंच. मात्र रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. कंपनीला विकत घेण्याआधी दोन गोष्टी विचारा आणि उत्तर एसएमएसवर मागा: पेन ड्राइव्ह रेकॉर्डिंगचे महिन्याला वेगळे पैसे लागतात का, आणि बॉक्स मालकीचा होतो की भाड्याचा राहतो.

एक छुपा खर्च जाता जाता. रेकॉर्डर चोवीस तास चालू असतो. १५ वॅट धरले तर महिन्याला अकरा युनिट होतात. महावितरणच्या बिलात तुम्ही १०० युनिटच्या काठावर असाल तर ही अकरा युनिट वरच्या दरात जातात. बिल काढून बघा.

फोनवर बघा, असं मी सुचवणार नाही. स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर आणि झी मराठीच्या झी-फाइव्हवर असतात, हे तुम्हालाही माहीत आहे. पण तीन तास तव्यापुढे उभं राहिल्यावर मामंजी आणि मुलींसोबत ताट घेऊन टीव्हीसमोर बसणं ही तुमची हक्काची वेळ आहे. तिच्यावर पैसे खर्च करायला माझी अजिबात ना नाही. फक्त ते पैसे त्या वेळेसाठीच जावेत.

आता सगळ्यात घाईचं. सासूबाईंच्या भजनी मंडळाचा सह्याद्री वाहिनीवरचा कार्यक्रम त्याच बॉक्समध्ये आहे, आणि त्या आता नाहीत, असं तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. ते रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर उघडतं. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तरी चालत नाही, कारण ते कुलूपबंद असतं. माझ्या आईनं आषाढीच्या महापूजेची तीन वर्षांची रेकॉर्डिंग जपून ठेवली होती. मी बॉक्स बदलून घेतला तेव्हा आलेला माणूस जुना बॉक्स पिशवीत घालून घेऊन गेला. ती रेकॉर्डिंग गेली, हे आईला सांगायला मला दोन दिवस लागले.

म्हणून अ‍ॅडॅप्टरच्याही आधी, आज रात्रीच, सगळे दिवे घालवा, पंखा बंद करा. फोन आडवा करून पुस्तकांच्या चळतीला टेकवून टीव्हीसमोर ठेवा आणि पूर्ण कार्यक्रम चित्रित करून घ्या. मुलींना तेवढा वेळ गप्प बसवा. मग तो व्हिडिओ घरातल्या दुसऱ्या एका फोनवरही ठेवा.