एका पायाचा फोर्क झेपेल का?

प्रश्न : मला एक जुनी माउंटन बाइक मिळतेय. तिला कॅननडेल कंपनीचा लेफ्टी फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा भाग) आहे, म्हणजे पुढच्या चाकाला फक्त डावीकडून आधार. मित्र म्हणतात, पहिल्याच उतारावर वाकेल. घ्यावी का?

उत्तर : मोटारीच्या चाकाला दुसरीकडून कोण धरतं, एवढंच मित्रांना विचारा. पण भीती मला समजते. मी पहिल्यांदा असली सायकल चालवली तेव्हा नजर सारखी खाली उजवीकडे जायची. तिथे नुसतंच टायर फिरतंय! सपाट रस्त्यावर मुद्दाम हात सोडून पाहिले. सायकल डावीकडे ओढेल असं वाटलं होतं. सरळ गेली.

खरी गंमत दगडधोंड्यांच्या उतारावर कळली. साध्या फोर्कमध्ये गोल नळ्या बुशमध्ये, म्हणजे आतल्या गुळगुळीत कड्यांमध्ये, घसरतात. पुढचा ब्रेक कचकन दाबला की नळ्या मागे रेटल्या जातात, बुशमध्ये अडकल्यासारख्या होतात आणि नेमके तेव्हाच बारीक धक्के मनगटात येतात. जुन्या लेफ्टीत आतला भाग चौकोनी असतो आणि चारही बाजूंना सुईएवढ्या बारीक रोलरच्या पट्ट्या. तो घासत नाही, रोलरवरून सरकतो. चौकोनी असल्यामुळे पिळलाही जात नाही. ब्रेक दाबलेला असतानाही फोर्क गुळगुळीत चालतोय हे हाताला लगेच जाणवतं. तरी ब्रेक मारल्यावर पुढून दबण्याची सवय याचीही सुटत नाही, तेवढी जादू अपेक्षू नका.

पंक्चर काढणं तर लाडाचं काम. उजवी बाजू मोकळी, त्यामुळे चाक न काढताच टायर उतरवा आणि ट्यूब बदला. चाक काढायचंच असेल तर आधी ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे चकती पकडणारा चिमटा, सोडवावं लागतं. मी घाईत ते विसरलो आणि चाक हिसडून ओढलं. रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, वाकला. दोष माझाच.

आता घेण्याआधी काय पाहायचं. त्या रोलरच्या पट्ट्या वापराने हळूहळू जागेवरून सरकतात आणि फोर्कची चाल, म्हणजे तो किती दबू शकतो ते अंतर, कमी होते. म्हणून फोर्कमधली हवा पूर्ण सोडून फोर्क तळापर्यंत दाबा, मग वर ओढा आणि टेपने अंतर मोजा. त्या मॉडेलच्या ठरलेल्या चालीपेक्षा बरंच कमी भरलं, तर फोर्क उघडून पट्ट्या परत बसवाव्या लागतील. फोर्कवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेलं असेल तर आत माती गेली असं धरूनच चाला.

हबही (चाकाचा मधला भाग) खास याच फोर्कचा लागतो, साधं चाक बसत नाही. चाकाशिवाय कोणी नुसता फोर्क देत असेल तर हात जोडा. पुढे हाच फोर्क दुसऱ्या फ्रेमला लावू, असाही बेत नको. जुने लेफ्टी हेडट्यूबला, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला, वर आणि खाली असे दोन ठिकाणी पकडतात, त्यामुळे हेडट्यूबची लांबी जुळावी लागते. 2018 मध्ये आलेल्या लेफ्टी ओचो या नव्या मॉडेलला मात्र एकच क्राउन, म्हणजे पकड, आहे.

चाल पुरी भरली आणि हा फोर्क आधी उघडलेला मेकॅनिक ओळखीत असेल, तर मी घेईन. बघायला जाताना शॉकचा पंप सोबत न्या, नाहीतर सोडलेली हवा परत कशाने भरणार?