परसबाग : पिवळी पडलेली अबोली

प्रश्न : काकू, दोन वर्षांपूर्वी सावंतवाडीहून अबोलीची तीन रोपं आणून गच्चीत कुंड्यांत लावली. पहिल्या वर्षी लेकीच्या वेणीत दर शुक्रवारी घरचा वळेसर असायचा. आता नवी पानं पिवळीच येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. तुरे आखूड झालेत. दोनदा युरिया घातला, फरक नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. (कोथरूड, पुणे)

उत्तर : युरियाचा डबा आधी कपाटात ठेवा. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे झाडाला लोह मिळत नाहीये. तुमची रोपं जांभ्याच्या तांबड्या, आंबट मातीतून आली आणि पडली बोअरच्या जड पाण्यात. त्या पाण्यातला चुना कुंडीत साठत जातो. मग मातीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चमचाभर लिंबाचा रस घालून, गाळून, संध्याकाळी पानांवर फवारा. दहा दिवसांनी पुन्हा. जुनी पिवळी पानं सुधारतीलच असं नाही, नव्या पालवीवर लक्ष ठेवा. पावसाचं पाणी पिंपात धरता आलं तर अबोलीसाठी राखून ठेवा.

एवढ्यानं भागलं नाही तर एक रोप मुळासकट उपसून बघा. हे मी पदरचं नुकसान सोसून शिकले. वेंगुर्ल्याच्या आमच्या परसात वांग्याचा वाफा रिकामा झाला, तिथेच मी हौसेनं अबोली लावली. चार महिन्यांत झाडं खुरटली. मी खत घालतेय, पाणी घालतेय. सासूबाई ओसरीवरून म्हणायच्या, "पाणी नको घालू गो, आधी माती बघ." शेवटी एक झाड उपटलं तर मुळांना मण्यांसारख्या गाठी! सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे दोऱ्यासारखे बारीक किडे. वांग्याच्या मुळांवर पोसलेले, अबोलीवर चढले. तुमच्याकडे तशा गाठी दिसल्या तर ती माती दुसऱ्या कुंडीत ओतू नका, टाकूनच द्या. निरोगी शेंड्याची चार बोटं लांब फांदी छाटून नव्या मातीत लावा, निंबोळी पेंड मिसळा आणि शेजारी झेंडू असू द्या. झेंडूची मुळं या किड्यांना मानवत नाहीत.

आणि हो, गच्चीत दुपारचं ऊन थेट येत असेल तर कुंड्या आडोशाला सरकवा. आमच्याकडे ती माडाच्या झावळ्यांतून गळणाऱ्या उन्हात खुश असते.

प्रश्न : अबोलीचं बी कधी हातीच लागत नाही. शेंगा वाळतात आणि एक दिवस रिकाम्या दिसतात. पाखरं खातात का? (डोंबिवली)

उत्तर : पाखरं नव्हेत, शेंगाच उडवतात. वाळलेल्या शेंगेला ओल लागली की ती टचकन फुटते आणि बी लांब भिरकावते. लहानपणी आम्ही त्या थुंकीनं ओल्या करून एकमेकींच्या मानेवर ठेवायचो; नावाची अबोली, पण तेव्हा भलतीच बोलायची. तुरा तपकिरी झाला की त्यावर मलमलची पिशवी बांधा. किंवा तुरा कापून वाडग्यात ठेवा, पाणी शिंपडा आणि वर झटकन ताटली झाका. एका शेंगेत चार बिया मिळतात. ओल्या बिया बोटाला चिकटतात, म्हणून लगेच पेरून टाका.

तुमची अबोली मोठ्या, गडद केशरी फुलांची 'दिल्ली' जातीची असेल तर मात्र बियांची वाट बघू नका. ती वांझ असते, फांद्यांवरूनच वाढवावी लागते.

प्रश्न : वास नाही, गंध नाही, तरी अबोलीचं एवढं कौतुक कशाला? (नाशिक)

उत्तर : मोगरा सकाळी माळला तर संध्याकाळी तपकिरी पडतो. अबोलीचा वळेसर केळीच्या सोपाच्या दोऱ्यात गुंफून ओल्या फडक्यात ठेवा, दुसऱ्या दिवशीही लग्नाला चालतो. फूल इतकं हलकं की केसांना भार नाही. वासच हवा असेल तर गुंफताना मधे मधे मरवा घाला. माझी आई तसंच करायची. आणि साडीच्या दुकानात 'अबोली रंग दाखवा' म्हटलं की दुकानदार बरोबर तोच गठ्ठा खाली काढतो, हे कौतुक मोगऱ्याच्या वाट्याला आलेलं नाही.