न्यू जर्सीत अनएम्प्लॉयमेंटचा अर्ज: सेव्हरन्स संपायची वाट बघू नका

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: राहायला एडिसन, जर्सी सिटीच्या ऑफिसातून ले-ऑफ, बारा आठवड्यांचा सेव्हरन्स (नोकरी संपताना कंपनी देते ती रक्कम), आय-४८५ म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित, आणि हातात ईएडी म्हणजे काम करण्याचा परवाना. प्रश्न तीन. अनएम्प्लॉयमेंट (नोकरी गेल्यावर राज्याकडून दर आठवड्याला मिळणारा लाभ) घेतलं तर ग्रीन कार्डाला बाधा येईल का, अर्ज सेव्हरन्स संपल्यावर करावा का, आणि मधल्या काळात भारतात जाऊन यावं का. शिवाय घरचे म्हणताहेत, "आपल्याला सरकारी मदत कशाला हवी?"

आधी घरच्यांचं बघू, कारण या संकोचापायी मी कितीतरी लोकांना हक्काचे पैसे सोडताना पाहिलंय आणि दर वेळी जीव हळहळतो. ही मदत नव्हे, विमा आहे. तुमची एखादी जुनी पे-स्टब (पगाराची पावती) काढा आणि कपातीचा रकाना बघा. यूआय (अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स) अशी एक छोटी रक्कम दिसेल. डब्ल्यू-२ (मालक दरवर्षी देतो तो पगार-कराचा फॉर्म) च्या चौदाव्या चौकटीतही ती असते. बहुतेक राज्यांत हा हप्ता फक्त मालक भरतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीन राज्यांत कामगाराच्या पगारातूनही कापतात. म्हणजे तुम्ही स्वतः पैसे भरलेत. घरच्यांना ती पे-स्टबच दाखवा.

ग्रीन कार्डाबद्दल: पब्लिक चार्जच्या, म्हणजे अर्जदार सरकारी मदतीवर अवलंबून राहील का हे बघण्याच्या, २०२२ च्या नियमात अनएम्प्लॉयमेंट धरलेलं नाही, कारण तो नोकरीतून कमावलेला लाभ मानला जातो. नोकरी गेल्यावर तुमच्या आय-४८५ चं पुढे काय, हा मात्र वेगळा आणि जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे. त्यासाठी याच आठवड्यात इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

इथे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी एक खुलासा. लाभ मिळण्यासाठी तुम्ही काम करायला सक्षम आणि उपलब्ध असावं लागतं. एच-१बी एकाच मालकाशी बांधलेला असल्यानं नोकरी गेली की ती उपलब्धता सहसा मान्य होत नाही, आणि नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत उरते. ग्रीन कार्ड, एच-४ ची (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरची) ईएडी किंवा तुमच्यासारखी आय-४८५ वरची ईएडी असेल तर कुठेही काम करता येतं, म्हणून ही अडचण येत नाही. फक्त ईएडीची मुदत संपू देऊ नका.

आता सेव्हरन्स. नेमकं इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. न्यू जर्सीत खरा सेव्हरन्स, म्हणजे आधी केलेल्या सेवेपोटी नोकरी संपल्यावर मिळालेली रक्कम, लाभाच्या आड येत नाही. आड येतो तो नोटिशीच्या बदल्यातला पगार किंवा नोकरी संपल्यावरही चालू ठेवलेला पगार. तेव्हा कंपनीचं पत्र नीट वाचा. सेपरेशन डेट (नोकरी संपल्याची तारीख) कोणती लिहिलीय? मोठ्या ले-ऑफमध्ये न्यू जर्सीच्या कायद्यानुसार एप्रिल २०२३ पासून नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या काळात कंपनी तुम्हाला घरी बसवून पगार देत असेल, तर कागदोपत्री तुम्ही अजून नोकरीतच आहात. ती तारीख उलटली की मात्र त्याच आठवड्यात अर्ज करा. क्लेम तुम्ही अर्ज केलेल्या आठवड्याच्या रविवारपासून धरला जातो, मागचे आठवडे आपोआप मिळत नाहीत.

तुमचं ऑफिस मॅनहॅटनला असतं आणि तुम्ही रोज तिथे जात असता, तर अर्ज न्यूयॉर्क राज्याकडे करावा लागला असता. घर कुठे यापेक्षा काम कुठे केलं हे बघतात. आणि तिथला नियम वेगळा आहे: शेवटच्या दिवसापासून तीस दिवसांच्या आत सेव्हरन्स मिळाला आणि त्याचा आठवड्याचा हिशेब कमाल लाभापेक्षा जास्त असला, तर तेवढे आठवडे लाभ नाही. त्यामुळे नदीपलीकडच्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका.

न्यू जर्सीत रक्कम साधारण सरासरी साप्ताहिक पगाराच्या साठ टक्के असते. २०२५ मध्ये सुरू झालेल्या क्लेमसाठी कमाल मर्यादा आठवड्याला ८७५ डॉलर होती, ती दरवर्षी बदलते. जास्तीत जास्त सव्वीस आठवडे. आयटीतले बहुतेक जण मर्यादेलाच पोचतात. यावर न्यू जर्सीचा आयकर नाही, पण फेडरल कर आहे, म्हणून अर्जातच दहा टक्के कापून घ्यायला सांगा.

अर्ज भरताना दोन गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून बघा. पहिली, मालकाचं नाव. कन्सल्टिंगमधले लोक क्लायंटचं नाव टाकतात आणि क्लेम अडकतो. डब्ल्यू-२ वर ज्याचं नाव तोच तुमचा मालक. (१०९९ वर, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, काम केलं असेल तर त्या उत्पन्नावर सहसा हा विमाच नसतो.) दुसरी, नोकरी जाण्याचं कारण. काम नसल्यामुळे काढलं असेल तर तेच लिहा. राज्य कंपनीलाही विचारतं, आणि दोन उत्तरं जुळली नाहीत की चौकशी लागते, पैसे लांबतात. याच कारणानं कुठल्याही एचआरच्या सांगण्यावरून राजीनाम्यावर सही करू नका. "रेकॉर्ड चांगलं दिसेल" असं गोड बोलून सांगतात. स्वतःहून सोडली असं ठरलं की लाभ बहुधा गेलाच. कामगिरी कमी पडली म्हणून काढलेल्यालासुद्धा लाभ मिळू शकतो, कारण ते गैरवर्तन नव्हे.

त्यानंतर दर आठवड्याला सर्टिफाय करायचं, म्हणजे त्या आठवड्यात कामाला उपलब्ध होतात का वगैरे प्रश्नांची ऑनलाइन उत्तरं द्यायची. क्लेम चौकशीत अडकलेला असला तरी करायचं, नाहीतर निकाल तुमच्या बाजूनं लागूनही मधल्या आठवड्यांचे पैसे अडकतात. आठवड्याला निदान तीन ठिकाणी नोकरीसाठी प्रयत्न केल्याची नोंद ठेवा: तारीख, कंपनी, पद, अर्ज कसा केला. मधे कुठे थोडं काम केलंत तर ज्या आठवड्यात केलं त्याच आठवड्यात, कर कापण्याआधीची रक्कम दाखवा, पैसे नंतर येणार असले तरी. हे लपवणं फार महागात पडतं. पैसे परत करावे लागतातच, वर दंडही होतो.

भारतात जायचं तर जरूर जा, आईवडिलांना भेटण्यात गैर काही नाही. पण त्या आठवड्यांचा लाभ मागू नका. तुम्ही इथे कामाला उपलब्ध नसता, आणि पुण्यातून लॉगिन करून "उपलब्ध आहे" असं उत्तर देणं ही खोटी माहिती ठरते. तुमचा आय-४८५ प्रलंबित असताना सरकारदरबारी एकही खोटं उत्तर नको. परत आलात की क्लेम पुन्हा सुरू करता येतो. आय-४८५ चालू असताना निघायचं तर अ‍ॅडव्हान्स पॅरोलचं (बाहेर जाऊन परत येण्याच्या परवान्याचं) वकिलाला आधी विचारा.

आणि नकाराचं पत्र आलंच तर घाबरून सोडून देऊ नका. त्यावर अपीलाची मुदत छापलेली असते, न्यू जर्सीत सध्या एकवीस दिवस. अपील ऑनलाइन करता येतं, सुनावणी बहुधा फोनवर होते. सेपरेशनचं पत्र, शेवटच्या पे-स्टब्ज आणि एचआरच्या ईमेल आत्ताच स्वतःच्या खात्यात जमवून ठेवा. कंपनीचं लॉगिन बंद झाल्यावर त्या मिळत नाहीत.