ती घाबरट नाही, तिच्या हातांना घाम येतो

"मॅडम, मुलीच्या तळहातांना सारखा घाम येतो. टेन्शनमुळे येतो का? मोठी झाली की जाईल ना?" ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न दरवर्षी येतो, परीक्षा जवळ आल्या की जास्तच. त्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी नववीतली. आईचं म्हणणं एकच, "हिला जरा धीट करा." सहामाहीच्या पेपरात शाई फुटून अर्धी उत्तरं वाचताच आली नव्हती आणि बाईंनी वर्गासमोर पेपर उंच धरून दाखवला होता. मुलगी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. मी कोरा कागद पुढे केला, म्हटलं, काहीही लिही. दोन ओळी होईतो कागद फुगला. तिने हात उचलला तर तो हाताला चिकटून वर आला. तिने घाईघाईने तो पालथा घातला.

मी आईला विचारलं, झोपेत घाम येतो का? "नाही हो. रात्री पांघरूण सारखं करायला जाते तेव्हा हात कोरडे असतात." दोन्ही तळहात सारखेच ओले, तळपायही तसेच, पाचवीपासून चाललेलं आणि झोपेत बंद. या आजाराची ठेवण अशीच असते. नाव हायपरहायड्रोसिस. घामाच्या ग्रंथींना मज्जातंतूंकडून गरजेपेक्षा जास्त इशारे जातात. तळहातांचा घाम मनाच्या ताणाने वाढतो हे खरं, पण इथे मुळात घाम आधी आणि भीती नंतर. नुसतं धीट करून ग्रंथी थांबत नाहीत. घाम सगळ्या अंगाला असेल, रात्रीही येत असेल, वजन उतरत असेल, तर मात्र थायरॉइड, क्षय, साखर असं काही नाही ना, हे डॉक्टरांनी आधी पाहायला हवं.

घरात कुणाला असं आहे का, विचारल्यावर आई गप्प झाली. मग स्वतःचा तळवा उघडून दाखवला. ओलाच. "मंगळागौरीला मी फुगडी कधी घातली नाही मॅडम. हात निसटायचे. सगळ्यांना वाटायचं मला आवडत नाही." हा त्रास पुष्कळदा घराण्यातून येतो. मुलीला हे ठाऊकच नव्हतं. ती आईच्या हाताकडे बघत राहिली.

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी अॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन दिलं: रात्री अगदी कोरड्या हातांना लावायचं, सकाळी धुवायचं. (आजीची तुरटी अगदीच चुकीची नव्हती, तीही अॅल्युमिनियमचाच क्षार आहे, पण एवढ्या घामाला ती पुरत नाही.) आठवड्यात हात चुरचुरायला लागले आणि हिने लोशन सोडून दिलं. बरेच जण इथेच सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. डॉक्टरांनी ते एक दिवसाआड करायला सांगितलं. तरी तळहातांना पुरेसा गुण आला नाही, तेव्हा आयन्टोफोरेसिस सुरू झालं. साध्या पाण्याच्या दोन ट्रेमध्ये हात ठेवायचे, त्यातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात. वीसेक मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून 3 वेळा. मुंग्या येतात, पण काही आठवड्यांत फरक दिसला. आता आठवड्यातून एकदा पुरतं. थांबवलं की घाम परत येतो, हेही तिला आधीच सांगितलं होतं.

गोळ्याही असतात, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं आणि मे महिन्यात मैदानावर खेळणाऱ्या मुलाला घामच आला नाही तर अंग तापतं. बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा परिणाम काही महिने टिकतो, तळहातावर सुया मात्र दुखतात. घामाचे इशारे नेणाऱ्या मज्जातंतूंवरच्या शस्त्रक्रियेची घाई तर मुलांच्या बाबतीत मुळीच करू नये. हात सुकतात, पण पाठीला, पोटाला घाम फुटू शकतो आणि हा परिणाम परत फिरवता येत नाही.

माझ्या वाट्याचं काम शाळेत होतं. बाईंना भेटून आजार समजावला. मनगटाखाली सुती रुमाल आणि शाईपेनाऐवजी बॉलपेन चालेल असं ठरलं. बाईंनी तिला बोलावून माफी मागितली. मोठी झाली की जाईल का? काहींचं कमी होतं, पुष्कळांचं राहतं. वाट बघण्यात तिची दहावी का घालवायची?

शेवटच्या भेटीत मुलगी बाहेर गेल्यावर आई दाराशी थांबली. "मॅडम, माझ्या वयात होतं का हो हे?" मी म्हटलं, होतं. पुढची वेळ तुमच्या नावाने घ्या.