युद्धाचा आणि कपड्यांच्या शिलाईचा काय संबंध?

लय संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ ला कपड्यांचं रेशनिंग लागलं, पुढच्या वर्षी तर कापड वाचावं म्हणून नियमच आले की पुरुषांच्या पँटला खाली बाहेरून दुमड नको, खिसे मोजकेच, डबल ब्रेस्ट (पुढे बटणांच्या दोन रांगांचा) कोट बंद, म्हणजे कटिंग सरकारच ठरवत होतं! मग १९४७ ला पॅरिसात दिओर या फॅशन डिझायनरने उलटंच केलं, बारीक कंबर अन् मीटरच्या मीटर कापड खाणारा घेर, लोक चिडले पण. मी सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात आहे, आमचे कटिंग मास्तर कापडाच्या थरावर खडूने आखताना बोटभर जागा वाया घालवत नाहीत. शाळेच्या पँटला मात्र आतून दोन इंच जास्तीची दुमड ठेवतातच, पोरं वाढतात की ओ.