आरबीपीच्या एलायझात सगळेच नमुने वरच्या स्टँडर्डच्या पलीकडे का जातात?

लहान मुलांच्या सीरममधले (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवातले) आरबीपी, म्हणजे रेटिनॉल ('अ' जीवनसत्त्व) वाहून नेणारे प्रथिन, एलायझाने, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने, मोजताना जवळजवळ प्रत्येक नमुन्याची ओडी (रंगाच्या गडदपणाचा आकडा) सर्वांत वरच्या स्टँडर्डपेक्षा, म्हणजे किटमधल्या ज्ञात प्रमाणाच्या द्रावणापेक्षा, जास्त येते, तर किट खराब समजावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी डायल्युशन, म्हणजे नमुना किती पट पातळ केला आहे, ते तपासावे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी ही तपासणी करते आणि माझी पहिली अख्खी प्लेट याच कारणाने वाया गेली होती.

निरोगी प्रौढाच्या सीरममध्ये हे प्रथिन दर मिलिलिटरला साधारण 30 ते 60 मायक्रोग्रॅम असते, मुलांमध्ये त्याहून कमी. किटचे स्टँडर्ड मात्र बहुधा नॅनोग्रॅममध्ये असतात, त्यामुळे नमुना काही हजार पट पातळ करावाच लागतो. हे काम एका दमात करू नये. 10 मायक्रोलिटर सीरम 990 मायक्रोलिटर बफरमध्ये घालून नीट मिसळावे, मग त्यातले 10 मायक्रोलिटर 490 मायक्रोलिटर बफरमध्ये घालावे, म्हणजे 5,000 पट होते. सीरम उचलल्यावर टिप उजेडात धरून पाहा: बाहेरच्या बाजूला एक पुसट ओला थर दिसतो. तो टोकाला स्पर्श न करता टिश्यूने टिपून घेतला नाही, तर इतक्या लहान मापात चूक मोठी होते. दोन-तीन नमुने 2,500 आणि 10,000 पटीनेही लावावेत. गुणून आलेली उत्तरे जुळली नाहीत, तर त्या प्लेटचा एकही आकडा अहवालात जाऊ देऊ नये.

आपल्याकडचा उन्हाळाही लक्षात घ्यावा लागतो. मे महिन्यात दुपारी लाइन गेली की खोली तापते, रंग आणणारे द्रावण टीएमबी टाकताच वेल (प्लेटमधल्या छोट्या खाचा) भराभर निळ्या होतात आणि कडेच्या वेल मधल्यांपेक्षा गडद दिसतात. मात्र त्या उष्णतेने स्टँडर्डही तितकेच गडद होतात. म्हणून फक्त नमुनेच वर जात असतील, तर दोष उन्हाचा नाही. तरीही मी प्लेट सकाळी लवकरच लावते.

आकडे जुळू लागल्यावर खरी जबाबदारी सुरू होते, आणि तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ताप किंवा संसर्ग असताना यकृतातून हे प्रथिन कमी सुटते, त्यामुळे 'अ' जीवनसत्त्व पुरेसे साठलेले मूलही कमतरतेच्या यादीत जाते. त्याच सीरममध्ये सीआरपी, म्हणजे संसर्ग किंवा दाह असताना वाढणारे प्रथिन, मोजावे आणि ते दर लिटरला 5 मिलिग्रॅमहून जास्त असेल, तर आरबीपीचा आकडा एकटा वाचू नये. रेटिनॉलसाठी दर लिटरला 0.7 मायक्रोमोल ही कमतरतेची सीमा मानली जाते, पण ती आरबीपीला जशीच्या तशी लावण्याऐवजी आपल्याच काही नमुन्यांचे रेटिनॉल एचपीएलसीने (द्रवातले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) करून घ्यावे आणि दोन्ही आकडे शेजारी मांडून आपल्या किटची सीमा ठरवावी.