‘वीस मिनिटात संपलं म्युझियम!’ : तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की जिथे दर काही महिन्यांनी प्रदर्शन बदलतं अशा एखाद्या छोट्या म्युझियममध्ये जाऊन आला असाल तर काय वाटलं ते खरं खरं लिहून पाठवा. मी स्वतः अशाच एका छोट्या म्युझियममध्ये बरीच वर्षं मांडणीचं काम केलंय, त्यामुळे काही पत्रं वाचून फार बरं वाटलं आणि काही वाचताना पोटात कालवलं. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, पण जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत.

ताई, आम्ही दोघं मुद्दाम सुट्टी काढून गेलो. तीनच खोल्या निघाल्या, वीस मिनिटात बाहेर! एवढ्यासाठी आलो का, असं झालं. आमचं काही चुकलं का?

चुकलं असं नाही म्हणणार, पण तुम्ही मोठ्या म्युझियमच्या स्पीडने छोटं म्युझियम बघितलंत. मोठ्या ठिकाणी पुढे अजून खूप आहे हे डोक्यात असतं म्हणून आपण पाय उचलत राहतो, आणि संध्याकाळी कुणी विचारलं काय काय पाहिलं तर आठवतात फक्त दुखणारे पाय. हे काही आजचं नाही हं, बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या बेंजामिन आयव्ह्ज गिलमन यांनी १९१६ साली यावर अख्खा लेख लिहिला होता. त्यांनी काय केलं, तर एका माणसाला शोकेसमधल्या वस्तूंवर साधे साधे प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला किती वाकावं लागतं, मान कशी तिरकी करावी लागते, कुठे पार खाली बसावं लागतं त्याचे फोटो काढले. लेखाचं नावच ‘म्युझियम फटीग’. माणूस थोडा वेळ नीट बघतो, मग शरीर कंटाळतं आणि बघणं वरवरचं होत जातं, हे त्यांना दाखवायचं होतं.

आता तीन खोल्यांचा फायदा बघा, तुम्ही दमायच्या आतच एक फेरी पूर्ण झालेली असते, म्हणजे पहिल्या खोलीत परत जायला अंगात ताकद असते. तर परत जा. पहिल्या फेरीत लेबलं वाचूच नका, नुसतं फिरा, आणि जिथे पाय आपोआप थांबले होते अशा दोनच वस्तूंपाशी दुसऱ्या फेरीत पाच पाच मिनिटं उभे राहा, घड्याळ लावून.

आमच्याकडे एकदा दुरुस्त करून वापरलेल्या कपड्यांचं प्रदर्शन होतं, त्यात एका लहान मुलाचा शर्ट होता, कोपरावर ठिगळ. लोक यायचे, ठिगळ बघायचे, पुढे जायचे. एक आजी मात्र त्याच्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग मला बोलावून म्हणाल्या, अगं हे कापड ह्याच शर्टाचं आहे, खालची दुमड उसवून काढलंय, बघ खाली शिवण नवी आहे. आणि टाके बघ, अर्धे बारीक आणि अर्धे मोठे, एकतर उजेड गेला असेल नाहीतर अर्धं काम दुसऱ्या कुणी केलं. तो शर्ट मी स्वतः तिथे लावला होता, लेबल मी लिहिलं होतं, आणि यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही लेबल बदललं.

आतमध्ये इतका अंधार का ठेवतात? माझ्या बाबांना तर अर्ध्या गोष्टी दिसल्याच नाहीत. लाइटचं बिल वाचवतात का?

बिलाचा काही संबंध नाही. कागद, कापड, वॉटरकलर, जुने फोटो, नैसर्गिक रंग यांना उजेडच खातो, आणि एकदा उडालेला रंग कुठल्याही उपायाने परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच उजेड टाकायचा असा जगभर संकेत आहे (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते मोजायचं माप). ऑफिसात टेबलावर ३०० ते ५०० लक्स असतो आणि बाहेर भर उन्हात एक लाखापर्यंत जातो, त्यामुळे उन्हातून थेट आत आलेल्या माणसाला ते काळोखच वाटणार.

पण नुसतं मंद ठेवून भागत नाही, कारण उजेडाचा हिशोब साठत जातो. अगदी नाजूक रंगांसाठी प्रकाशतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सुचवलेली मर्यादा आहे वर्षाला १५,००० लक्स-तास, म्हणजे ५० लक्सवर फक्त ३०० तास. म्युझियम रोज ८ तास उघडं असेल तर ३८ दिवसही पूर्ण होत नाहीत तोवर त्या वस्तूचा वर्षभराचा कोटा संपला! मग ती पेटीत, अंधारात. तुम्ही सगळे विचारता ना की प्रदर्शन इतक्या लवकर का बदललं, त्यामागे पुष्कळदा हा असा हिशोब असतो, वस्तूला विश्रांती द्यायची असते.

बाबांसाठी एक करा. आत शिरल्या शिरल्या बघायला सुरुवात नका करू, पहिल्या खोलीत पाच-सात मिनिटं नुसतं बसा, डोळ्यांना सरावायला वेळ लागतो आणि वय वाढेल तसा जास्त लागतो. आणि काउंटरवर मोठ्या अक्षरातली माहिती मागा, बऱ्याच ठिकाणी असते, नसली तर मागितल्यामुळे पुढे होईल. वस्तूसाठी उजेड वाढवता येत नाही हे खरं, पण लेबल ठळक अक्षरात छापायला कुणाची काही हरकत नसते, तिथे मात्र आम्हा मांडणी करणाऱ्यांचीच चूक असते आणि ती मी मान्य करते.

फोटो काढू देत नाहीत, फ्लॅशमुळे खरंच रंग उडतो का?

आजकालच्या फ्लॅशने होणारं नुकसान तसं फारच थोडं असतं. मनाई असते ती जास्त करून वस्तू दुसऱ्याकडून उसनी आणलेली असते आणि मालकाची अट असते म्हणून, कधी कॉपीराइटमुळे, आणि मंद खोलीत दर मिनिटाला फ्लॅश उडाला तर बाकीच्यांचे सरावलेले डोळे परत दिपतात म्हणून. चित्र काढायला सहसा कुणी अडवत नाही, पेन्सिल घेऊन जा. पेन नको.

मी कॉलेजात आहे. खरं सांगू का ताई, मला वाटतं बदलती प्रदर्शनं म्हणजे लोकांना परत परत खेचायची आयडिया आहे. आहे तेच नीट मांडून ठेवायचं ना कायमचं.

खेचायचं असतंच रे, आणि त्यात लपवायचं काय? लोक आले नाहीत तर म्युझियम चालणार कसं! पण दुसरी बाजू बघ. पॅरिसच्या लूव्र म्युझियमसारख्या अवाढव्य ठिकाणीसुद्धा संग्रहात जवळपास पाच लाख वस्तू आणि लोकांसमोर साधारण ३५ हजार, मग तीन खोल्यांच्या म्युझियमने काय करायचं, कपाटातलं कपाटातच ठेवायचं का?

आणि कायमची मांडणी म्हणजे काय ते बघायचं असेल तर बॉस्टनचंच दुसरं म्युझियम घे, इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांचं, १९०३ साली उघडलेलं. त्यांनी मृत्युपत्रातच लिहून ठेवलं की मी जसं लावलंय त्यात बदल करायचा नाही. पुढे १८ मार्च १९९० च्या पहाटे पोलिसांच्या वेशात चोर आले आणि १३ कलाकृती घेऊन गेले, त्या अजून सापडल्या नाहीत, आणि चित्रांच्या रिकाम्या चौकटी आजही जागच्या जागी लटकताहेत. मला त्या रिकाम्या चौकटींबद्दल फार आदर वाटतो, एका बाईच्या नजरेने लावलेलं घर जसंच्या तसं बघायला मिळणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. पण सगळीच म्युझियमं तशी झाली तर वस्तूंना एकच गोष्ट सांगता येईल.

आमच्याकडे एक पितळी तांब्या होता, साधाच, काठाला एक पोचा. एकदा तो धातुकामाच्या प्रदर्शनात होता तेव्हा लोक त्याचा जोड कुठाय, ठोके कसे मारलेत ते बघायचे. दोन वर्षांनी तोच तांब्या घर सोडून निघालेल्या माणसांच्या प्रदर्शनात एका ट्रंकेशेजारी ठेवला, तर प्रत्येकजण तो पोचा बघत होता आणि कुठे पडला असेल असं विचारत होता. वस्तू तीच, शेजार बदलला. मला विचारशील तर छोट्या म्युझियमचं सगळं बळ यात आहे, म्हणून तर म्हणते एकदा जाऊन ‘पाहिलं’ म्हणू नकोस, पुढच्या मांडणीला परत जा.

मुलांना न्यावं का? आमची दोघं ६ आणि ९ वर्षांची आहेत.

न्याच. पण एकच खोली, अर्धा तास, आणि त्यांना कंटाळा यायच्या आधी बाहेर. लेबलं वाचून दाखवत बसू नका, ‘यातलं घरी काय नेशील आणि का’ एवढंच विचारा आणि उत्तर ऐका.

माझ्या आईला गेल्या वेळी एक जुनं भरतकाम फार आवडलं होतं. तिला परत दाखवायला घेऊन गेले तर तिथे भलतंच प्रदर्शन, ती इतकी हिरमुसली. आता ती वस्तू कधी दिसणारच नाही का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वस्तू बहुतेक तिथेच आहे, मागच्या खोलीत, पेटीत. दोन शक्यता असतात, एक म्हणजे वस्तू म्युझियमची स्वतःची, दुसरी म्हणजे कुणाकडून उसनी आणलेली. उसनी असेल तर परत गेली असणार, पण कुणाकडे गेली ते विचारता येतं. लेबलच्या तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. स्वतःची असेल तर तिथेच एक नंबर असतो, समजा १९८७.२४.३ असा, त्याचा अर्थ १९८७ साली आलेली, त्या वर्षातली चोविसावी नोंद, आणि त्या नोंदीतली तिसरी वस्तू. सगळीकडे पद्धत हीच असेल असं नाही, पण नंबर असतोच, आणि तो सांगितला की तिथल्या माणसाला पेटी शोधायला दोन मिनिटं लागतात. नंबर नसेल तर साधारण कुठल्या महिन्यात पाहिलं, केवढं होतं, रंग कुठले, एवढं लिहून आधी विचारा की अभ्यासासाठी नाही, आईला परत एकदा बघायचंय, वेळ मिळेल का. संकोच करू नका. माझ्या अनुभवात अशी विनंती आली की आत काम करणाऱ्यांचा दिवस चांगला जातो.

एकेका वस्तूसाठी माणसं किती जीव टाकतात त्याचं मोठं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बच्या भीतीने वेल्समधल्या मॅनॉडच्या दगडखाणीत हलवली होती, भिंती मोकळ्या. मग १९४२ पासून दर महिन्याला तिथून एक चित्र लंडनला आणायचं आणि ते एकटंच लावायचं असं सुरू केलं, आणि त्या एका चित्रासाठी लोक बॉम्बच्या सावटातून यायचे. तुमच्या आईला एका भरतकामासाठी परत जावंसं वाटलं ते याच जातीचं आहे.

बाहेर पडताना अभिप्राय वही पुढे करतात, मला कधीच सुचत नाही, ‘खूप छान’ लिहून सही करते. कुणी वाचतं का ते?

वाचतं! आम्ही दर सोमवारी बसून अख्खी वही वाचायचो. ‘खूप छान’ वाचून आनंद होतो पण त्याचं पुढे काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा एकच ठरावीक गोष्ट लिहा, कुठल्या वस्तूपाशी थांबलात, कुठलं लेबल कळलं नाही, कुठे बसायला हवं होतं. आमच्या वहीत व्हीलचेअरवरून आलेल्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘चौथ्या शोकेसमध्ये मला फक्त दिव्याचं प्रतिबिंब दिसलं.’ बस, एवढंच वाक्य. आम्ही स्टूल घेऊन तिथे बसलो, बसलेल्या माणसाची नजर साधारण ११० ते १३० सेंटीमीटरवर असते, त्या उंचीवरून बघितलं तर खरंच काचेत नुसता दिवा, आत काय आहे पत्ता नाही. आम्ही सगळे उभं राहून तपासत होतो इतकी वर्षं. त्या दिवशी सगळ्या शोकेस बसून तपासल्या, तीन दिवे वळवले, एक वस्तू खाली घेतली, आणि पुढच्या प्रत्येक मांडणीत ते स्टूल आमच्या हत्यारांच्या पेटीशेजारी ठेवायला लागलो.

न आवडलेलंही लिहा, फक्त काय ते नेमकं लिहा.

आम्ही गेलो तर दारावर पाटी, ‘मांडणी चालू आहे, बंद’. दोन आठवडे काय करतात आत एवढं?

जाण्याआधी तारखा बघून घ्या हे पहिलं, दोन प्रदर्शनांच्या मधला काळ हमखास बंद असतो. आत काय चालतं, तर आधीच्या वस्तू उतरवायच्या, प्रत्येकीची तपासणी करून आली तेव्हा होती तशीच आहे ना ते लिहून काढायचं, नवा ओरखडा असेल तर फोटो, मग पॅकिंग. भिंती रंगवायच्या, आणि रंग हाताला सुकला तरी त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत वस्तू आणायच्या नाहीत, कारण त्या वाफा बंद शोकेसमध्ये धातूला आणि कागदाला त्रास देतात. लेबलं चार वेळा तपासायची, तरी पाचवी चूक निघते. आणि बाहेरून आलेल्या पेट्या लगेच उघडायच्या नाहीत, हा सगळ्यात कठीण भाग, कारण बाहेरच्या आणि आतल्या हवेत फरक असतो, म्हणून पेटी खोलीत आणून ठेवायची आणि निदान २४ तास तशीच राहू द्यायची, लाकडाला, कापडाला, आतल्या हवेला हळूहळू इथल्या खोलीची सवय होऊ द्यायची. त्या रात्री घरी जाताना आम्ही सगळे एकदा तरी पेटीवर हात ठेवून जायचो, आत काय आहे ते यादीत वाचलेलं असायचं, बघितलेलं कुणीच नसायचं.